डाव्या पायाची सुटका : मोटारीच्या स्वयंचलित गिअरांचा इतिहास



मोटारगाडीचा इतिहास सांगणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करतात, आणि तें स्वाभाविकहि आहे. इंजिनाचा आवाज ऐकूं येतो. त्याची अश्वशक्ति जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापली जाते. परंतु इंजिन आणि चाकें यांच्या मध्यें, पायांखालच्या पत्र्याआड, आणखी एक यंत्र असतें, आणि गाडी चालविणाऱ्याचे श्रम किती व्हावयाचे हें इंजिनापेक्षां या यंत्रावरच अधिक अवलंबून असतें. तें यंत्र म्हणजे गिअरचें. सकाळीं कचेऱ्यांच्या वेळीं बोरिवलीहून अंधेरीकडे पश्चिम द्रुतगति महामार्गानें, किंवा मुलुंडहून घाटकोपरकडे लालबहादुर शास्त्री मार्गानें गाड्यांची जी रांग सरकत असते, तींत हा फरक स्पष्ट दिसतो. ज्या गाडीस हातानें बदलावयाचा गिअर आहे, तिच्या चालकाचा डावा पाय क्लचवर सारखा खालीं-वर होत असतो; शेजारच्या गाडीचा चालक मात्र डावा पाय स्वस्थ ठेवून बसलेला असतो. या सुटकेचे प्रकार किती, त्यांत भेद काय, आणि १९३९ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालेली ही सोय आपल्या उपनगरांतील सामान्य कुटुंबाच्या दारीं येण्यास पाऊणशें वर्षें कां लागलीं, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम गिअरची गरजच कां पडते तें पाहूं. तें समजून घेण्यास आपल्या उपनगरी आगगाडीसारखें दुसरें उदाहरण नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेवर चालणारी पहिली गाडी गेली, आणि १९२८ सालीं पश्चिमेकडील मार्गावर विजेच्या गाड्या बोरिवलीपर्यंत धांवूं लागल्या. हजारों उतारू घेऊन निघणारी ही अवजड गाडी प्रत्येक स्थानकावर पूर्ण थांबते व पुन्हा निघते. परंतु तिच्या मोटरमनला क्लच दाबावा लागत नाहीं कीं गिअर बदलावा लागत नाहीं. विजेच्या मोटरचा धर्मच असा आहे कीं, स्थिर अवस्थेंतून निघतांनाच तिची ओढ अधिकांत अधिक असते. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचा स्वभाव याच्या अगदीं उलट. थांबलेल्या इंजिनांत कसलीच शक्ति नसते. तें मिनिटाला कांहीं शें फेरे घेऊं लागल्यावर मगच जिवंत होतें, आणि त्याचें खरें बळ त्याहून बऱ्याच वरच्या वेगांत प्रकट होतें. म्हणून उभ्या गाडीस चालना द्यावयाची तर दोन कामें करावीं लागतात. फिरतें इंजिन व थांबलेलीं चाकें यांचा संबंध हलक्या हातानें, घसरत घसरत जोडावयाचा. हें क्लचचें काम. आणि पहारीनें धोंडा उचलतांना आपण जसें अंतराच्या मोबदल्यांत बळ मिळवितों, तसें वेगाच्या मोबदल्यांत बळ मिळवावयाचें. हें गिअरच्या दंतचक्रांचें काम. स्वयंचलित गिअरांचा सारा इतिहास म्हणजे हीं दोन कामें माणसाच्या पायाकडून व हाताकडून काढून यंत्राकडे सोंपविण्याचा इतिहास होय.

१८९१ सालीं फ्रान्समध्यें पानार व लेव्हासोर यांच्या कारखान्यांत पुढें इंजिन, त्यामागें क्लच आणि त्यामागें सरकणारीं दंतचक्रें अशी जी मांडणी झाली, तीच पुढें जगभर रूढ झाली. फिरतीं चक्रें एकमेकांत घुसवितांना दांत्यांवर दांते आपटून मोठा कर्कश आवाज होई. तो होऊं नये म्हणून एका गिअरबदलास दोनदां क्लच दाबण्याची कला शिकावी लागे. १९२८ सालीं अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडींत अर्ल थॉम्पसन याच्या युक्तीनें दोन्ही चक्रांचा वेग आधीं सारखा करून मग तीं जोडण्याची सोय झाली. आवाज थांबला व दांते वांचले. परंतु पाय आणि हात यांचें काम शिल्लकच राहिलें. हाच थॉम्पसन पुढें पहिल्या यशस्वी स्वयंचलित गिअरच्या कामाचा प्रमुख झाला.

ती सुटका ज्या कल्पनेंतून निघाली ती मोटारीसाठीं जन्मलीच नव्हती. तिचा जन्म जहाजांच्या कारखान्यांत झाला. वाफेचें टर्बाइन अत्यंत वेगानें फिरतें, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोघांचा मेळ घालण्यासाठीं स्टेटिन येथील व्हल्कन कारखान्यांतील जर्मन इंजिनिअर हेरमान फॉटिंगर यानें त्यांच्या मध्यें द्रव पदार्थ घालण्याची युक्ति काढली व १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. ही युक्ति घरांतहि समजून घेतां येते. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि त्यांतील एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानें दुसराहि हळूहळू फिरूं लागेल. आतां वाऱ्याच्या जागीं तेल घाला व दोन्ही पंखे एका बंद डब्यांत कोंडा, म्हणजे फॉटिंगरचा जोड तयार झाला. इंजिन सावकाश फिरत असतां तेलाचा झोत दुबळा असतो, म्हणून ब्रेक लावून गाडी उभी ठेवतां येते. इंजिनाचा वेग वाढतांच झोत बळावतो व चाकें ओढलीं जातात. क्लचचें काम अशा रीतीनें तेलानें पत्करलें.

इंग्लंडांत डेमलर कंपनीनें १९३० सालीं हा तेलाचा जोड आणि विल्सन यानें शोधलेला, आधीं निवडून ठेवावयाचा गिअर यांची सांगड घातली. लंडनच्या बसगाड्यांत ही जोडी पुष्कळ वर्षें चालली. परंतु कोणता गिअर केव्हां घालावयाचा हा निर्णय त्यांत चालकाचाच असे. तो निर्णयहि यंत्रानें घ्यावा, ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर प्रथम साधली ती अमेरिकेंत. १९३९ सालाच्या उत्तरार्धांत, १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल गाडींत, जनरल मोटर्स कंपनीनें ‘हायड्रा-मॅटिक’ ही यंत्रणा बसविली. तींत पुढें तेलाचा जोड होता व मागें पुढच्या गतीचे चार गिअर होते. हे गिअर सरकणाऱ्या चक्रांचे नसून ग्रहचक्रांचे होते. म्हणजे मध्यें सूर्यासारखें एक चक्र आणि त्याच्या भोंवतीं ग्रहांप्रमाणें फिरणारीं लहान चक्रें, कायमचीं एकमेकांत गुंतलेलीं. यांतील एखादें चक्र धरून ठेवलें कीं वेगाचें प्रमाण बदलतें. चक्रें काढघाल करावीं लागत नाहींत. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडींतहि अशींच ग्रहचक्रें होतीं, परंतु तेथें तीं धरण्या-सोडण्याचें काम चालकाचे पाय करीत. हायड्रा-मॅटिकमध्यें तें काम तेलाचा दाब करूं लागला. गाडीचा वेग किती व चालकानें उजव्या पायानें इंजिन किती चेतविलें आहे, या दोहोंवरून हा दाब आपोआप ठरे. लवकरच युद्ध सुरू झालें, आणि ही यंत्रणा अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेली; तेथें तिची कसोटी लागली ती कोणत्याहि शहरी रस्त्यापेक्षां कठीण होती.

तेलाच्या या जोडांत एक उणीव होती. तो इंजिनाचें बळ पोहोंचवी, परंतु वाढवीत नसे. दोन पंख्यांच्या मध्यें, परत येणाऱ्या तेलाचा झोत योग्य दिशेस वळविणारें तिसरें चक्र बसविलें तर निघतांना तें बळ वाढतें. सामान्य गाडींत तें सुमारें दुप्पट होतें. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, आणि फॉटिंगरच्या मूळ कल्पनेंत तोहि होताच. १९४८ सालच्या ब्यूईक गाडींत त्याचा मोठा बोलबाला झाला. गाडी लोण्यावरून सरकावी तशी निघे. मात्र तेल घुसळण्यांत पुष्कळ पेट्रोल उष्णतेच्या रूपानें वायां जाई. यावर पुढच्याच वर्षीं पॅकार्ड कंपनीनें उपाय काढला कीं, गाडीनें वेग घेतला म्हणजे दोन्ही पंखे क्लचनें एकमेकांस जखडून टाकावयाचे. टॉर्क कन्व्हर्टर, त्यामागें ग्रहचक्रें आणि वेगांत असतांना पक्का जोड, हें त्रिकूट आजहि सर्वांत प्रतिष्ठित स्वयंचलित गिअरचें स्वरूप आहे. या विद्येंत आपल्या देशाचाहि वांटा आहे. रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठीं द्रवाचा व यंत्राचा जोड एकत्र करणारी एक यंत्रणा मनमोहन सुरी यांनीं शोधून काढली. ‘सुरी ट्रॅन्समिशन’ या नांवानें ती ओळखली जाते. १९६२ सालीं त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. हॉलंडमधील डाफ कंपनीनें १९५८ सालीं एक छोटी गाडी लोकांसमोर आणली, तींत गिअरचीं दंतचक्रें बदलण्याची भानगडच नव्हती. समोरासमोर दोन कप्प्या, आणि प्रत्येक कप्पी दोन शंकूंची बनलेली. शंकू जवळ आले म्हणजे त्यांच्या मधला पट्टा वर चढतो व कप्पी मोठी झाल्यासारखी होते; शंकू दूर गेले म्हणजे पट्टा खालीं उतरतो व कप्पी लहान होते. साधा गिअर हा पायऱ्यांचा जिना मानला, तर पट्ट्याचा गिअर म्हणजे सलग चढण होय. तींत पहिला-दुसरा असा भेद नाहीं, आणि म्हणून बदलाचा धक्काहि नाहीं. आरंभीं हा पट्टा रबराचा असे. पुढें त्याच कल्पनेचे जनक व्हान डोर्न यांनीं शेंकडों पोलादी तुकडे ओंवलेला पट्टा तयार केला, आणि १९८७ सालच्या सुबारू गाडीपासून तो मोटारींत येऊं लागला. आज आपण ज्यास सी.व्ही.टी. म्हणतों तो हाच.

महाराष्ट्रास या पट्ट्याची ओळख मोटारींतून झाली नाहीं. ती दुचाकीवरून झाली. बजाजच्या स्कूटरला डाव्या मुठींत क्लच धरून तीच मूठ पिळावी लागे, आणि उपनगरांतल्या रिक्षालाहि पिढ्यान्‌पिढ्या हेंच तंत्र होतें. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ सालीं लूना काढली, तिला एकच वेग असून क्लच आपोआप लागे. त्याच घराण्यानें जपानच्या होंडा कंपनीशीं भागीदारी करून १९८४ सालीं कायनेटिक होंडा कंपनी स्थापन केली. तिच्या स्कूटरींत डाफच्याच तत्त्वावरचा पट्टा होता. कप्पींतील लहान वजनें वेगाबरोबर बाहेर फेंकलीं जात व शंकू आपोआप जवळ येत. बटन दाबून इंजिन सुरू करावयाचें आणि मूठ पिळून निघावयाचें. ज्या घरांत स्कूटर पुरुषांनींच चालवावयाची असा रिवाज होता, तेथें कन्या व गृहिणी स्वतः वाहन चालवूं लागल्या, याचें कांहीं श्रेय या पट्ट्याला देणें उचित आहे. यंत्राचा एक दांडा कमी झाला म्हणजे समाजांतील एक उंबरठाहि कधीं कधीं खालीं येतो.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. १९३९ सालींच, म्हणजे हायड्रा-मॅटिकच्याच वर्षीं, फ्रान्समध्यें अडोल्फ केग्रेस यानें ही कल्पना मांडली. हा गृहस्थ पूर्वीं रशियाच्या झारच्या मोटारखान्यावर होता. पहिला, तिसरा, पांचवा असे विषम गिअर एका क्लचवर, आणि दुसरा, चौथा असे सम गिअर दुसऱ्या क्लचवर ठेवले, तर एक गिअर चालू असतांनाच पुढचा सिद्ध करून ठेवतां येतो. मग केवळ एक क्लच सुटतो व दुसरा धरतो. कल्पना उत्तम होती, परंतु ती राबविण्याइतकें चपळ नियंत्रण त्या काळीं नव्हतें. तें विजेच्या सूक्ष्म यंत्रांनीं शक्य झालें, आणि २००३ सालीं फोक्सवॅगननें दुहेरी क्लच सर्वसामान्य विक्रीच्या गाडींत आणला. त्या काळीं पुण्याजवळ चाकण येथें तयार होत असलेल्या पोलो गाडीचा असा एक प्रकार २०१३ सालीं आपल्याकडे विक्रीस आला.

चौथा प्रकार सर्वांत साधा. त्यांत नवा गिअर नाहींच. जुनींच दंतचक्रें, जुनाच क्लच. मात्र क्लच दाबण्यास चालकाच्या पायाऐवजीं, आणि गिअर सरकविण्यास त्याच्या हाताऐवजीं, विजेच्या हुकमानें चालणारे यांत्रिक हात-पाय बसविलेले. यास ए.एम.टी. असें म्हणतात. २०१४ च्या फेब्रुवारींत मारुतीनें सेलेरिओ ही लहान गाडी या सोयीसह बाजारांत आणली. ही यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीची होती. पूर्वींच्या स्वयंचलित गाड्यांच्या मानानें तिची किंमत पुष्कळ कमी होती, आणि पेट्रोलहि जवळजवळ हातगिअरच्या गाडीइतकेंच लागे. १९३९ पासून जी सोय श्रीमंतांच्या गाडीचें भूषण होती, ती येथें प्रथम मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढा काळ कां लागला? मुंबईस ही विद्या ठाऊक नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. ज्या जनरल मोटर्सनें हायड्रा-मॅटिक तयार केली, तिचाच गाड्या जुळविण्याचा कारखाना १९२८ पासून शिवडीस होता. स्वातंत्र्यानंतर, जे कारखाने येथेंच सुटे भाग घडवूं लागतील त्यांनाच राहूं द्यावयाचें असें सरकारी धोरण ठरलें, आणि १९५४ सालीं तो कारखाना बंद झाला. इकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यास उभी राहिली. तेथें क्रायस्लरच्या व नंतर फियाटच्या गाड्या तयार होऊं लागल्या. ज्या कुर्ल्यापर्यंत १९२५ सालीं गिअर न लागणारी विजेची गाडी पोहोंचली, त्याच कुर्ल्यांतून पुढें प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. तिला चार गिअर होते, आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारीं बसविलेला होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें हेंच रूप झालें. अशी शेवटची टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. या साऱ्या काळांत टॅक्सीवाल्याचा डावा पाय क्लचवरून हटला नाहीं.

याचीं कारणें सामान्यतः तीन सांगितलीं जातात. परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळें यंत्रें आयात करणें कठीण. परवान्यांच्या राज्यांत मोजक्याच कारखान्यांना गाड्या काढण्याची मुभा होती, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षें रांगेंत असल्यामुळें नवी सोय देण्याची त्यांना निकड नव्हती. शिवाय पेट्रोल महाग, आणि जुना टॉर्क कन्व्हर्टर पेट्रोल अधिक पिई. तिन्ही कारणें खरीं आहेत. परंतु माझ्या मतें यांच्या मुळाशीं आणखी एक कारण आहे, आणि तें यंत्रशास्त्राचें नसून समाजाचें आहे. अमेरिकेंत गाडीचा मालक स्वतः गाडी चालवी. त्याचा पाय दुखला कीं तो दुकानदाराकडे सोय मागे आणि तिचे पैसे मोजी. आपल्याकडे मोटार ठेवणारा बहुधा मागच्या आसनावर बसे, आणि पुढें पगारी चालक असे. टॅक्सींतहि गाडी एकाची व चालविणारा दुसरा, ही स्थिति सर्रास होती. ज्याचा पाय दुखे त्याच्या हातीं निवड नव्हती, आणि ज्याच्या हातीं निवड होती त्याचा पाय दुखत नसे. माणसाचे श्रम जेथें स्वस्त असतात, तेथें श्रम वांचविणारें यंत्र नेहमीं महाग वाटतें.

या विचारास पुढील घटना पुष्टि देतात. नव्वदीच्या दशकांत मारुतीच्या झेन गाडीचा स्वयंचलित प्रकार निघाला, आणि २००३ नंतरच्या होंडा सिटींत पट्ट्याचा गिअर मिळूं लागला. परंतु घेणारे थोडे. याच काळांत मुंबईच्या उपनगरांत मोठा पालट होत होता. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील नोकरदार कुटुंबें हप्त्यांनीं स्वतःची गाडी घेऊं लागलीं, आणि ती गाडी नवरा किंवा बायको स्वतः चालवूं लागली. पगारी चालक ठेवण्याची ऐपत त्यांना नव्हती, आणि मार्ग तर अधिकाधिक तुंबत चाललेला. मालक पुढच्या आसनावर येऊन बसला, तेव्हां मालकाचा पाय दुखूं लागला. आणि मग थोड्याच वर्षांत स्वस्त स्वयंचलित गिअरला बाजार मिळाला.

कायद्याच्या भाषेंतहि या इतिहासाची एक गंमत आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत परवान्याचे जे वर्ग आहेत, त्यांत ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ व ‘गिअर असलेली मोटारसायकल’ असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. हलक्या मोटारीसाठीं मात्र असा भेद नाहीं. इंग्लंडांत स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर केवळ तशाच गाडीचा परवाना मिळतो. आपल्या कायद्यानें दुचाकीवरची सुटका ओळखली; मोटारीच्या परवान्यांत ती वेगळी मानली नाहीं. ज्यांचा डावा पाय अधू आहे अशा माणसांच्या दृष्टीनें मात्र हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. दोन पाय लागणारें काम एका पायावर आलें, म्हणजे घराबाहेर पडण्याचें स्वातंत्र्यच त्यांना मिळतें.

एवढा इतिहास पाहिल्यावर चारही प्रकारांची तुलना आपल्या रस्त्यांच्या कसोटीवर करणें सोपें जाईल. ध्यानांत ठेवावयाचें सूत्र एकच: निघतांना कांहीं तरी घसरलेंच पाहिजे, आणि तें काय घसरतें यावर गाडीचा स्वभाव ठरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें तेल घसरतें. तेल झिजत नाहीं व घसरणीची उष्णता पोटांत घेतें. म्हणून पवईच्या बाजूस जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडचा चढ रांगेंत उभें राहून चढावयाचा असतां हा प्रकार सर्वांत शांत व टिकाऊ ठरतो. किंमत व पेट्रोल मात्र अधिक. पट्ट्याच्या गाडींत निघतांना बहुधा टॉर्क कन्व्हर्टर किंवा क्लच असतोच, आणि पुढें सारी चाल सलग. संथ शहरी चालीस हा प्रकार उत्तम. परंतु एकदम जोर मागितला तर इंजिनाचा आवाज आधीं चढतो आणि गाडी मागून येते, हें कित्येकांना रुचत नाहीं. दुहेरी क्लच मोकळ्या मार्गावर अत्यंत चपळ असतो. पण त्यांत घसरतात त्या क्लचच्या चकत्या; आणि त्या कोरड्या असल्या तर वीतवीत सरकणाऱ्या रांगेंत तापतात. ए.एम.टी. मध्यें जुनाच क्लच घसरतो, आणि गिअर बदलतांना क्षणभर इंजिनाची ओढ तुटते, म्हणून प्रवाशाला डुलकी दिल्यासारखा हिसका बसतो. उजवा पाय किंचित् सैल सोडला तर तो कमी होतो. चढावर ब्रेकचा आधार घ्यावा. केवळ इंजिनाच्या जोरावर गाडी तोलून धरूं नये, नाहीं तर क्लच जळतो. दोष आहेत, परंतु थोड्या पैशांत पायाची सुटका करणारा प्रकार हाच आहे, आणि त्याची दुरुस्तीहि पुष्कळ अंशीं साध्या गिअरचीच दुरुस्ती आहे. म्हणून अमुक एक प्रकार श्रेष्ठ असें सरसकट सांगणें चूक होईल. रोज कोणत्या रस्त्यानें, किती वेळ, आणि कोणी चालवावयाची, हें आधीं ठरवावें. मग गिअर निवडावा.

शेवटीं एक गोष्ट सांगून हें भाषण पुरें करतों. फेब्रुवारी २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यावर बेस्टची विजेवर चालणारी दुमजली बस आली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत डिझेलच्या जुन्या दुमजली बसगाड्यांनीं निरोप घेतला. विजेच्या मोटारीही आतां उपनगरांच्या इमारतींखालीं उभ्या दिसतात. त्यांतील बहुतेकांना बदलावयाचे गिअर नाहींत. मोटर व चाकें यांच्या मध्यें वेगाचें एकच ठरलेलें प्रमाण असतें. ज्या उणिवेवर मात करण्यासाठीं फॉटिंगर, थॉम्पसन, केग्रेस, व्हान डोर्न यांच्यासारख्या बुद्धिमान् माणसांनीं इतकें डोकें लढविलें, ती उणीव मुळांत पेट्रोलच्या इंजिनाची होती. विजेच्या मोटरला ती कधींच नव्हती, हें आपल्या उपनगरी गाडीचा मोटरमन १९२५ पासून रोज सिद्ध करीत आला आहे. तेलाचे, पट्ट्याचे व क्लचचे हे सारे प्रकार हळूहळू मागें पडतील, असा संभव दिसतो.

परंतु त्यांच्या इतिहासांतील बोध मागें पडण्याचें कारण नाहीं. श्रम वांचविणारी युक्ति शोधून काढणें हें अर्धेंच काम असतें. ती ज्याच्या अंगाला श्रम पडतात त्याच्यापर्यंत केव्हां पोहोंचते, हें त्याच्या हातीं निवड केव्हां येते यावर ठरतें. उपनगरांतल्या गृहस्थाच्या डाव्या पायास विसांवा मिळाला, तो त्यानें स्वतः गाडी चालवूं लागल्यावर. अजून जो दुसऱ्याची गाडी दिवसभर चालवितो, त्याच्या पायाचा विचार गाडी विकत घेतांना कोणी तरी करावा, एवढें मागणें या इतिहासाच्या वतीनें करण्यास हरकत नसावी.